वळवाचा ढग आणि पायांखालची जमीन

वैशाखाच्या अखेरीस दुपारीं चारच्या सुमारास क्षितिजावर काळे ढग चढूं लागले, म्हणजे निफाडकडचा शेतकरी कांद्याच्या ढिगावर ताडपत्री ओढतो आणि सिन्नर-येवल्याच्या माळावरील धनगर मेंढ्या हांकीत जवळचें झाड गांठतो. पहिल्याची घाई योग्यच असते. दुसऱ्याची त्याच्या जिवावर बेतण्याचा संभव असतो.

झाडावर वीज पडली, दहापंधरा हातांवर उभीं असलेलीं गुरें जागच्या जागीं मेलीं, आणि त्यांच्याजवळच उभा असलेला राखणदार पाय लुळे पडूनहि वांचला, अशा आशयाच्या बातम्या वळवाच्या दिवसांत वृत्तपत्रांतून येतच असतात. गुरें वीज ओढून घेतात, असें कोणी म्हणतो. कोणी काळ्या रंगास दोष देतो. वस्तुतः वीज त्या गुरांवर पडलेलीच नसते. ती झाडावर पडलेली असते, आणि गुरें मेलेलीं असतात तीं पायांखालच्या जमिनीमुळें. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणें 2022 सालीं भारतांत 2,887 माणसें विजेनें दगावलीं. त्यांतील किती जणांवर वीज प्रत्यक्ष कोसळली आणि किती जण नुसते जवळ होते, हें अशा आंकड्यांवरून कळत नाहीं. परंतु जवळ असणें म्हणजे काय, हें गणितानें सांगतां येतें. आणि तें गणित मॅट्रिकच्या विद्यार्थ्यास झेपण्यासारखें आहे.

त्या गणिताचा पाया फ्रान्समधील लष्करी इंजिनिअर शार्ल कूलोंब यानें 1785 सालीं घातला. बारीक तारेला टांगलेल्या दांडीचा पीळ मोजून त्यानें असें दाखविलें कीं, दोन विद्युद्भारांमधील जोर हा त्या भारांच्या गुणाकाराच्या प्रमाणांत वाढतो व त्यांच्यामधील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. अंतर दुप्पट केलें तर जोर चौथा हिस्सा, तिप्पट केलें तर नववा. सजातीय भार एकमेकांस लोटतात, विजातीय ओढतात. भार मोजण्याच्या मापास पुढें कूलोंबाचेंच नांव मिळालें, आणि हें माप अवाढव्य आहे. एकेक कूलोंबाचे दोन भार एक मीटर अंतरावर ठेवतां आले असते, तर त्यांमधील जोर 900 कोटी न्यूटन, म्हणजे सुमारें नऊ लाख टन वजनाइतका भरला असता! केसांतून फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तेव्हां त्याच्यावरील भार कूलोंबाच्या दशलक्षांशाहूनहि कमी असतो.

आतां एक भार एका बिंदूवर स्थिर आहे अशी कल्पना करावी. त्याच्यापासून कांहीं अंतरावर एक कूलोंब भार नेऊन ठेवल्यास त्यावर जितका जोर पडेल, तितकें त्या ठिकाणचें विद्युत्क्षेत्र. 900 कोटीला भारानें गुणावें आणि मीटरांतील अंतराच्या वर्गानें भागावें, म्हणजे क्षेत्राचा आंकडा मिळतो. ह्या आंकड्यास दिशाहि असते. धन भारापासून ती बाहेर जाते, ऋण भाराकडे आंत येते. दुसरी राशि विभव. फार दुरून एक कूलोंब भार त्या ठिकाणापर्यंत आणण्यास जें कार्य करावें लागेल, तो तेथील विभव. त्याचें सूत्र जवळजवळ तेंच. मात्र भागावयाचें तें अंतराच्या वर्गानें नव्हे, नुसत्या अंतरानें. विभवास दिशा नसते, केवळ धन किंवा ऋण चिन्ह असतें, आणि तो व्होल्टांत मोजतात. घरच्या दिव्याचे 230 व्होल्ट म्हणतात, ते व्होल्ट हेच.

ह्या दोन राशींची गल्लत सुशिक्षितांकडूनहि होते, म्हणून येथें किंचित् थांबणें बरें. मुंबईहून नाशिकला आगगाडीनें येणाऱ्यास कसाऱ्याचा घाट ठाऊक असतो. कसारा ते इगतपुरी ह्या टापूंत रूळ दर 37 मीटरांस एक मीटर चढतो, आणि गाडीला मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात. इगतपुरी गांठली कीं इंजिनें सुटतात आणि पुढें देवळाली-नाशिकपर्यंत गाडी पठारावरून सरळ धांवते. उंची म्हणजे विभव आणि चढ म्हणजे विद्युत्क्षेत्र, असें समजावें. नाशिकचा मनुष्य समुद्रसपाटीपासून सुमारें 600 मीटर उंचीवर राहतो, पण उंचीवर राहतो म्हणून तो घसरून पडत नाहीं. घसरण असते ती घाटांत. त्याच लोहमार्गावरील तारेंत आज 25,000 व्होल्टांचा दाब असतो आणि त्या तारेवर कावळा खुशाल बसतो. त्याचे दोन्ही पाय एकाच उंचीवर आहेत. त्याच्या दृष्टीनें तें पठार आहे.

अनेक भार असतील तेव्हां प्रत्येकाचा हिशेब निराळा करावा आणि बेरीज घ्यावी. विभवांची बेरीज वाण्याच्या वहीसारखी सरळ, चिन्हें सांभाळून करावयाची. क्षेत्रांची बेरीज मात्र दिशा लक्षांत घेऊन करावी लागते. दोन सारख्या धन भारांच्या बरोबर मध्यावर दोन्ही क्षेत्रें एकमेकांस छेद देऊन शून्य होतात, पण विभव दुप्पट होतो. त्यांतील एक भार ऋण केला तर उलट घडतें: मध्यावर विभव शून्य, क्षेत्र दुप्पट. अर्थात् "येथें विभव शून्य आहे, तेव्हां भय नाहीं" हें अनुमान साफ चुकीचें आहे.

ही सामग्री घेऊन ढगाकडे वळावें. गडगडाटी ढगांत भार कसे मांडलेले असतात, यावर विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठा वाद झाला, आणि त्याचें एक टोंक हिंदुस्थानांत होतें. येथील हवामान खात्यांत काम करणारे जॉर्ज सिम्प्सन यांनीं सिमल्यास पावसाच्या थेंबांवरील भार मोजले आणि 1909 सालीं आपलें मत प्रसिद्ध केलें. त्यावरून त्यांनीं ढगाचा खालचा भाग धन ठरविला. इंग्लंडांत सी. टी. आर. विल्सन यांनीं, वीज चमकतांच जमिनीवरचें विद्युत्क्षेत्र एकाएकीं कसें बदलतें तें मोजून, वर धन व खालीं ऋण असा नेमका उलट निष्कर्ष काढला. वाद कित्येक वर्षें चालला. अखेर सिम्प्सन यांनीं स्क्रेज यांच्यासह बलुनांतून उपकरणें ढगांत पाठविलीं, आणि 1937 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांनीं मुख्य मुद्द्यांत विल्सन यांचीच बाजू खरी ठरविली. फक्त तळाशीं धन भाराचा एक लहानसा पुंजकाहि सांपडला. स्वतःच्या उपकरणांनीं प्रतिपक्षाचें म्हणणें सिद्ध करणारा संशोधक विरळाच.

विल्सन यांच्या नमुन्याप्रमाणें जमिनीपासून 5 किलोमीटरवर 40 कूलोंब ऋण भार आणि 10 किलोमीटरवर 40 कूलोंब धन भार घेऊं. जमीन वाहक असल्यामुळें ढगाखालीं तिच्या पृष्ठभागावर विरुद्ध भार गोळा होतो. त्याचा हिशेब करण्याची एक सोपी युक्ति विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिली. ढगांतील भार जितका उंच, तितक्याच खोलीवर जमिनीखालीं विरुद्ध चिन्हाचा तितकाच भार आहे असें मानावें, आरशांतील प्रतिबिंबासारखा. मग ढगाच्या थेट खालीं क्षेत्र एकट्या भारामुळें झालें असतें त्याच्या बरोबर दुप्पट येतें. ऋण भारामुळें दर मीटरास 28,800 व्होल्ट, वरच्या धन भारामुळें उलट दिशेनें 7,200. वजाबाकी 21,600 व्होल्ट दर मीटरास, दिशा खालून वर. निरभ्र दिवशीं हेंच क्षेत्र शंभर-सव्वाशें व्होल्टांच्या आसपास आणि वरून खालीं असतें.

ढगापासून दूर गेल्यास गंमत होते. ऋण भार खालीं असल्यानें जवळ त्याचा पगडा असतो, परंतु अंतर वाढतें तसा उंचावरचा धन भार त्यास भारी पडूं लागतो. वरील आंकड्यांनीं हा पालट ढगापासून सुमारें 10 किलोमीटरवर येतो. तेथें क्षेत्र शून्य होऊन पुढें दिशा बदलतें. ब्रह्मगिरीवर असा ढग उभा असला तर 28 किलोमीटरवरील नाशकांत त्याचें क्षेत्र दर मीटरास सुमारें 117 व्होल्ट, आणि तेंहि वरून खालीं, म्हणजे निरभ्र दिवसाच्याच दिशेनें भरतें. त्र्यंबकास विजांचें तांडव चाललेलें असतांना पंचवटींत तेवढ्यानें कोणास कांहींहि जाणवणार नाहीं. पण संवेदनाक्षम उपकरणास नेहमींच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्र दिसेल.

ढगाखालीं प्रत्यक्ष मोजमाप केल्यास मात्र 21,600 हा आंकडा सहसा आढळत नाहीं. क्षेत्र बहुधा दहा हजारांच्या आंतच राहतें. गणित चुकलें असें नव्हे. क्षेत्र वाढलें कीं गवताच्या पात्यांच्या व झाडांच्या शेंड्यांच्या टोंकांतून भार हवेंत झिरपूं लागतो, आणि त्या भाराचा एक पातळ पडदा जमिनीवर पसरून खालच्या माणसास ढगापासून अंशतः झांकतो. तसेंच ढग हा कांहीं बिंदु नव्हे. बिंदूचें सूत्र अगदीं जवळ नेलें तर अंतर शून्य होतांच उत्तर अनंत येतें, आणि निसर्गांत अनंत व्होल्ट कोठेंहि नसतात. तो 40 कूलोंब भार एक किलोमीटर त्रिज्येच्या गोलांत पसरला आहे असें धरल्यास गोलाच्या कांठावर क्षेत्र 3,60,000 व्होल्ट दर मीटरास आणि विभव 36 कोटी व्होल्ट येतो. हे आंकडे अतिशयोक्त वाटतील. परंतु मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-3 हा प्रयोग उटकमंड येथें चालतो. तेथें 1 डिसेंबर 2014 रोजीं डोक्यावरून गेलेल्या एका ढगानें, विश्वकिरणांतून येणाऱ्या म्यूऑन नांवाच्या कणांची संख्या किती घटविली, तें मोजलें गेलें. त्यावरून ढगाच्या दोन टोंकांमधील विभवांतर 130 कोटी व्होल्ट निघालें, आणि तो निष्कर्ष 2019 सालीं प्रसिद्ध झाला.

एवढा उंच कडा कोसळतो तेव्हां झाडाच्या मुळाशीं काय घडतें, हा मूळ प्रश्न.

विजेच्या लोळांत साधारणतः 30,000 अँपिअर प्रवाह असतो. कधीं तो लाखावर जातो. तो सेकंदाच्या लहानशा अंशापुरताच टिकतो, पण तेवढ्यांत त्याला झाडांतून उतरून जमिनींत पसरावें लागतें. एका जागीं शिरलेला प्रवाह जमिनींत सर्व बाजूंस अर्धगोलांनीं पसरतो, आणि अर्धगोलाचें पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून प्रवाहाची दाटी, आणि तिच्याबरोबर जमिनींतील विद्युत्क्षेत्र, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटतें. कूलोंबाचा नियम येथें वेष पालटून पुन्हा हजर होतो! विभव अर्थातच नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणांत घटतो. वीज पडलेली जागा हें शिखर आणि भोंवतालची जमीन हा त्याचा उतार; शिखराजवळ उभा कडा, दूर सौम्य लवण.

जमिनीचा विशिष्ट रोध 100 ओहम-मीटर धरला, तर सूत्र असें येतें: पडल्या जागेपासूनच्या मीटरांतील अंतरानें 4,77,500 ह्या आंकड्यास भागावें, म्हणजे तेथील विभव. दहा मीटरवर तो 47,750 व्होल्ट. मनुष्य तेथें पावलें अर्ध्या मीटरच्या अंतरानें, एक झाडाकडे व एक झाडापासून दूर, टाकून उभा असेल, तर त्याच्या दोन पायांमधील फरक सुमारें 2,270 व्होल्ट होतो. त्याच जागीं गाय उभी असेल, आणि तिच्या पुढच्या व मागच्या पायांत दीड मीटर अंतर असेल, तर तिच्या वांट्यास 6,230 व्होल्ट येतात. झाडापासून तीस मीटरवर हेच आंकडे अनुक्रमें 261 व 758 इतके उतरतात. उलट दोन मीटरवर ते 47,750 व 1,02,000 पर्यंत चढतात. मात्र इतक्या जवळ मातींतच ठिणग्या धांवतात, आणि मघांच्या ढगाप्रमाणें येथेंहि सूत्राचा भरंवसा संपतो. हा सारा दाब शरीरास मिळतोच असें नाहीं. तळव्याचा व मातीचा रोध त्यांतील बराच भाग खातो. तरीहि शिल्लक राहतें तें पुरेसें असतें.

गाईचें दुर्दैव केवळ लांबीचें नाहीं. तिच्या शरीरांतून जाणारा प्रवाह पुढच्या पायांकडून मागच्या पायांकडे जातो आणि वाटेंत हृदय लागतें. माणसाच्या एका पायांतून चढलेला प्रवाह बहुतांशीं दुसऱ्या पायानें उतरतो; पाय लुळे पडतात, पण हृदय पुष्कळदां वांचतें. राखणदार जिवंत आणि गुरें मृत, ह्याचा उलगडा हा. झाडाला आडवी, म्हणजे चारी खूर झाडापासून जवळजवळ सारख्या अंतरावर ठेवून उभी असलेली गाय वांचण्याचा संभव अधिक, कारण ती उतारावर नसून समान उंचीच्या रेषेवर असते. त्याच न्यायानें दोन्ही पाय जुळवून बसणारा मनुष्य कावळ्यासारखा आहे. आणि भीतीनें जमिनीवर आडवा पडणारा माणूस स्वतःच गाय होतो. मेंढ्या लहान खऱ्या; पण त्या भिऊन एकमेकींना चिकटतात, आणि प्रवाहाच्या दृष्टीनें तो कळप एक लांबलचक प्राणी बनतो. नॉर्वेंतील हार्डांगरविड्डा पठारावर ऑगस्ट 2016 मध्यें एका वादळांत 323 रेनडिअर एकाच ठिकाणीं मरून पडले, त्याचें कारणहि तज्ज्ञांनीं जमिनींतून पसरलेला प्रवाह हेंच सांगितलें.

जमिनीची जात येथें फार महत्त्वाची. निफाडच्या भिजलेल्या काळ्या मातीचा रोध वर धरलेल्याच्या दहाव्या हिश्श्याइतका खालीं येऊं शकतो, आणि मग सर्व फरकहि त्याच प्रमाणांत घटतात. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा ह्या बाजूंस पातळ मुरूम आणि खालीं बेसाल्टचा खडक. खडकाचा रोध हजारावर जातो, तेव्हां दहा मीटरवरील गाईचे सहा हजार व्होल्ट साठ हजार होतात. तेव्हां दोन्ही ठिकाणीं एकाच तऱ्हेची वीज पडली तरी डोंगराळ भागांत तिचा घेर मोठा असतो.

झाडाच्या बुंध्याशीं टेकणाऱ्यास दुसरेंहि एक संकट आहे. खोडाचा स्वतःचा रोध बराच असतो, त्यामुळें प्रवाह वाहतांना खोडाचा विभव भोंवतालच्या जमिनीपेक्षां लक्षावधि व्होल्टांनीं चढतो. मनुष्याचें शरीर खोडाहून चांगलें वाहक. प्रवाह मध्येंच खोड सोडून हवेंतून माणसावर उडी घेतो. पावसापासून आडोसा म्हणून डेरेदार आंबा कितीहि मोहक वाटला, तरी विजेच्या दृष्टीनें त्याच्याखालची जागा शिवारांतील सर्वांत वाईट होय. पक्क्या घरांत अथवा पत्र्याचें छत असलेल्या मोटारींत, एस. टी.च्या बसमध्यें, मनुष्य सुरक्षित असतो तो निराळ्या कारणानें: वाहकाच्या पोकळ कवचावर आलेला भार बाहेरच्या बाजूस राहतो व आंत क्षेत्र पोंचत नाहीं. हें मायकेल फॅरडे यानें 1836 सालीं स्वतः पिंजऱ्यांत बसून दाखविलें होतें.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें महाराष्ट्रांत विजेची जागा टिपणाऱ्या यंत्रांचें जाळें उभारलें आहे, आणि तिच्या "दामिनी" ह्या मोबाईलवरील सोयीनें जवळपास विजा पडत असल्याची सूचना मिळते. माळावर मोबाईलची रेंज नसेल तर जुनी रीत आहेच. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंतचे सेकंद मोजावे. आवाज तीन सेकंदांत सुमारें एक किलोमीटर चालतो, म्हणजे तीस सेकंदांस दहा किलोमीटर. तिसाच्या आंत आवाज आला तर माळ सोडून छपराखालीं जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेंच थांबावें. छप्पर दूर असेल तर झाडापासून निदान तीस मीटर हटून, मेंढ्या पांगवून, पाय जुळवून उकिडवें बसावें. हात जमिनीस टेकूं नयेत.